हॅम्बर्गर कोणाचा? पाच गावांचे दावे आणि १८९६ ची एक बातमी

दप्तरी

हॅम्बर्गरच्या जन्माची गोष्ट सांगणारे लेख मराठीत अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत जनक म्हणून एकाच माणसाचे नाव निःशंकपणे दिलेले असते. फक्त प्रत्येक लेखात तो माणूस वेगळा असतो. माझे म्हणणे असे आहे की यांपैकी एकाचाही दावा मान्य करावा इतका पुरावा उपलब्ध नाही, आणि जो थोडाफार छापील पुरावा आहे तो या दाव्यांना साथ देत नाही. मतभेद होतील याची कल्पना असूनच हा धागा काढत आहे.

आधी दावे मांडतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सीमोर नावाचे गाव आहे. तिथल्या जत्रेत १८८५ साली चार्ली नॅग्रीन हा १५ वर्षांचा मुलगा मांसाचे गोळे विकत होता. जत्रेत हिंडता हिंडता गोळे खाणे लोकांना जमेना, तेव्हा त्याने गोळा चेपून पावाच्या दोन कापांमध्ये घातला, असे सीमोरकर सांगतात. त्याच साली न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्बर्ग नावाच्या गावी भरलेल्या जत्रेत फ्रँक आणि चार्ल्स मेन्चेस या ओहायोच्या भावांकडचे डुकराच्या मांसाचे सॉसेज संपले आणि त्यांनी गोमांसाच्या खिम्यावर वेळ मारून नेली, असा मेन्चेस घराण्याचा दावा आहे. त्या खिम्यात कॉफी आणि तपकिरी साखर घातली होती, हा तपशीलही ते आवर्जून देतात. टेक्सासमधील अथेन्स गावाच्या मते हा मान फ्लेचर डेव्हिस यांचा. पेशाने कुंभार असलेल्या या गृहस्थांनी १८८० च्या दशकात गावातल्या खानावळीत हा पदार्थ सुरू केला आणि पुढे १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात नेला. टल्साजवळच्या आपल्या शेतावर ऑस्कर वेबर बिल्बी यांनी ४ जुलै १८९१ रोजी लोखंडी जाळीवर भाजलेले मांस गोल पावात घालून पाहुण्यांना दिले, हे ओक्लाहोमाचे म्हणणे. आणि कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे डेन्मार्कहून आलेल्या लुई लासेन यांनी १९०० साली एका घाईतल्या गिऱ्हाइकाला चालता चालता खाता येईल असे काहीतरी बांधून दिले, ही सर्वांत प्रसिद्ध कथा.

गंमत अशी की यांपैकी बहुतेकांकडे कसला ना कसला सरकारी कागद आहे. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने २००७ साली सीमोरच्या बाजूने ठराव केला. टेक्सासच्या विधिमंडळात त्याच सुमारास अथेन्ससाठी तसाच ठराव मांडला गेला. ओक्लाहोमाच्या राज्यपालांनी १९९५ साली टल्साला हॅम्बर्गरचे खरे जन्मस्थान म्हणून घोषित केले. न्यू हेवनची नोंद २००० साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या लोकवारसा प्रकल्पात झाली. पण त्या प्रकल्पातल्या नोंदी लोकप्रतिनिधींनी आपापल्या मतदारसंघातून पाठवलेल्या होत्या, हे सांगायला लोक विसरतात. आपल्या मतदारसंघाचा अभिमान सांगणाऱ्या ठरावाने फार तर एक पाटी लावता येते, इतिहास ठरत नाही.

आता पुरावा. शिकागोच्या ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने ५ जुलै १८९६ रोजी रस्त्यावरच्या सँडविचगाड्यांविषयी मजकूर छापला आहे. त्यात हॅम्बर्गर स्टेक सँडविच हे गिऱ्हाइकांच्या विशेष आवडीचे असून किंमत अवघी ५ सेंट आहे, त्यासाठी मांसाच्या छोट्या टिकिया आधीच थापून ठेवलेल्या असतात आणि गॅसोलिनच्या शेगडीवर त्या गिऱ्हाइकासमोर भाजून दिल्या जातात, असे वर्णन आहे. नेवाडातील रीनोच्या वृत्तपत्रात तर १८९३ सालीच या सँडविचची जाहिरातवजा वाखाणणी सापडते. म्हणजे न्यू हेवनच्या घाईतल्या गिऱ्हाइकाला भूक लागण्यापूर्वी चार-सात वर्षे हा पदार्थ शिकागोत हातगाडीवर आणि दूर पश्चिमेला रीनोत विकला जात होता. लासेन यांचा दावा माझ्या मते इथेच संपतो. उरलेल्या चौघांच्या बाजूने त्या त्या काळात लिहिलेली एकही ओळ कोणी दाखवलेली माझ्या पाहण्यात नाही.

मेन्चेस बंधूंच्या बाबतीत तर गोष्ट आणखी अवघड आहे. फ्रँक मेन्चेस १९५१ साली वारले तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जो मृत्युलेख छापला, त्यात ही घटना १८९२ साली ओहायोतील अॅक्रनच्या जत्रेत घडल्याचे म्हटले आहे. १८८५ चे न्यूयॉर्क आणि १८९२ चे ओहायो, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

ओवी

दप्तरी, आपली मांडणी नेटकी आहे. पण तिच्या मुळाशी जो निकष आहे तोच मला अमान्य आहे. जत्रेत गाडी लावणारा १५ वर्षांचा मुलगा रोजनिशी लिहीत नसतो. वार्ताहर येतो तो पदार्थ सगळीकडे झाल्यावर, आणि तेव्हा त्याला तो नवीन वाटतो. आपण दिलेली शिकागोची बातमीच पाहा. टिकिया आधीच थापून ठेवलेल्या असतात, गिऱ्हाइकांची ती आवडती वस्तू आहे, किंमत ठरलेली आहे. हे सगळे एका हंगामात होत नाही. बातमी १८९६ ची असेल तर पदार्थ त्याहून बराच जुना असणार. मग त्याच बातमीने १८८५ च्या दाव्याला बळ मिळते, असे मी म्हटले तर आपण काय उत्तर द्याल?

दुसरी गोष्ट अशी की नॅग्रीन हे एकदाच सँडविच विकून नाहीसे झालेले गृहस्थ नव्हेत. १९५१ साली वारेपर्यंत ते दरवर्षी त्या जत्रेत हॅम्बर्गर विकत राहिले, आणि ‘हॅम्बर्गर चार्ली’ हे नाव त्यांना गावाने दिले. पंचक्रोशीतल्या दोन-तीन पिढ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट केवळ छापली गेली नाही म्हणून पुराव्यातून वगळायची असेल, तर जात्यावरची ओवी कोणत्या साली कोणी रचली याचा दाखला मागून तीही वगळावी लागेल.

आणि कागदावर एवढा विश्वास का ठेवावा? न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको उपाहारगृहाचे १८३४ सालचे म्हणून एक पदार्थपत्रक वर्षानुवर्षे पुस्तकांतून छापले जात होते आणि त्यात १० सेंटांना ‘हॅम्बर्गर स्टेक’ असल्याचे दाखवून अनेकांनी त्यावर इमले बांधले. पुढे ते पत्रक बनावट असल्याचे उघड झाले, कारण त्यावर ज्या मुद्रकाचे नाव होते त्याचा छापखाना १८३४ साली अस्तित्वातच नव्हता. कागदसुद्धा खोटे बोलतो, दप्तरी.

दप्तरी

ओवीताई, डेल्मोनिकोचे उदाहरण देऊन आपण माझेच काम केलेत. तो कागद खोटा ठरला तो दुसऱ्या कागदामुळे, मुद्रकाच्या नोंदींमुळे. आठवण खोटी ठरवायला असे काही साधन आपल्या हाती असते का?

मात्र आपला पहिला मुद्दा मी गंभीरपणे घेतो. १८९६ च्या बातमीवरून पदार्थ जुना ठरतो, हे मान्य. पण त्यावरून तो सीमोरचा ठरत नाही. सीमोरच्या लोकांनी नॅग्रीन यांना हॅम्बर्गर विकताना पाहिले, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. परंतु ते सर्वांत आधी विकत होते, ही गोष्ट सीमोरमध्ये उभे राहून कोणालाच दिसू शकत नव्हती. ‘याने विकले’ याची साक्ष डोळे देऊ शकतात. ‘याच्याआधी जगात कोणीच विकले नव्हते’ याची साक्ष कोणाचे डोळे देणार? ओवीची तुलना मला म्हणूनच उलट वाटते. जात्यावर गाणारी बाई ‘ही ओवी सर्वांत आधी मी रचली’ असा दावा करत नाही. तो दावा केला असता तर तिलाही दाखला मागावा लागला असता.

न्यूहेवनकर

मी गेली अकरा वर्षे या गावाजवळ राहतो, त्यामुळे माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो.

लासेन यांच्या दुकानात मी अनेकदा गेलो आहे. लाल विटांची ती बसकी इमारत १९७५ साली पाडली जाणार होती. ती मूळ जागेवरून उचलून सध्याच्या रस्त्यावर आणून ठेवली. आत ओतीव लोखंडाच्या, गॅसवर चालणाऱ्या उभ्या भट्ट्या आहेत, आणि त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या असल्याचे सांगितले जाते. मांसाची टिकिया जाळीच्या चिमट्यात पकडून त्या भट्टीत उभी सरकवतात, त्यामुळे दोन्ही बाजू एकदम भाजल्या जातात आणि चरबी खाली गळून जाते. वर चीज, टोमॅटो, कांदा एवढेच मिळते. केचप, मोहरी, मेयोनीज यांपैकी काहीही मागितले तर मिळत नाही. आणि गोल पाव नाही. भाजलेल्या साध्या पांढऱ्या पावाचे दोन काप.

१९०० च्या तारखेबद्दल दप्तरींनी दिलेला पुरावा पाहता ‘सर्वांत पहिले’ हा शब्द आमच्या गावाला सोडावा लागेल, हे मला दिसते आहे आणि ते फारसे सुखाचे नाही. परंतु इथे तेच कुटुंब, त्याच पद्धतीने, आजही तोच पदार्थ देते. सीमोरला १९८९ साली ५,५२० पौंडांचा हॅम्बर्गर भाजण्यात आला, त्याला मी उत्सव म्हणेन, परंपरा म्हणणार नाही. जुनी पद्धत जिवंत ठेवणे याला इतिहासात काही मोल आहे की सगळे मोल पहिल्या तारखेलाच?

शंकासुर

मोल आहेच. परंतु भाजलेल्या पावाच्या दोन कापांत घातलेल्या मांसाला जगभर सँडविच म्हणतात. आपल्या वर्णनावरून न्यू हेवनने एक उत्तम सँडविच जपले आहे, एवढेच सिद्ध होते.

दर्यावर्दी

इथे सर्वजण अमेरिकेतल्या जत्रांतून फिरत आहेत आणि ज्या शहराचे नाव त्या पदार्थाला आहे तिकडे कोणी वळलेलेच नाही, याचे नवल वाटते. माझी नोकरी जहाजावरची. हॅम्बर्ग बंदरात मी अनेक मुक्काम केले आहेत.

जर्मन भाषेत गावाच्या नावाला ‘अर’ जोडला की ‘त्या गावचा’ असा अर्थ होतो. फ्रँकफर्टचा फ्रँकफर्टर, बर्लिनचा बर्लिनर, तसा हॅम्बर्गचा हॅम्बर्गर. आपल्याकडे नागपूरचा नागपुरी किंवा कोल्हापूरचा कोल्हापुरी म्हणावे तसे. १८४७ साली हॅम्बर्गमध्ये अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांची मोठी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत लाखो जर्मन आणि पूर्व युरोपीय लोक या बंदरातून न्यूयॉर्कला गेले. बारीक चिरलेल्या गोमांसाची कांदा घालून भाजलेली टिकिया न्यूयॉर्कच्या खानावळींत ‘हॅम्बर्ग स्टेक’ म्हणून मिळू लागली ती याच वाहतुकीमुळे. १८८० च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांत हे नाव कोणतेही स्पष्टीकरण न देता येते, म्हणजे वाचकांना ते ठाऊक होते. त्याच्याही मागे जायचे तर लंडनमध्ये छापलेल्या एका प्रसिद्ध पाकपुस्तकाच्या १७५८ च्या आवृत्तीत ‘हॅम्बर्गी सॉसेज’ आहे: गोमांसाचा खिमा, चरबी, मिरी, लवंग, जायफळ, लसूण, रम घालून आठ-दहा दिवस धुरावलेले, आणि खाली भाजलेला पाव ठेवून वाढायचे.

शिवाय हॅम्बर्गमध्ये ‘रुंडश्ट्युक वार्म’ नावाचा जुना पदार्थ आहे, तो मी स्वतः खाल्ला आहे. गोल पाव मधून कापून त्यात भाजलेले मांस घालायचे आणि वरून गरम रस्सा ओतायचा. मांसही आले, गोल पावही आला. मग अमेरिकेने शोधले ते काय? मूळ श्रेय हॅम्बर्गचे आहे आणि सीमोर ते टल्सा हा सगळा वाद फार तर विक्रीच्या हक्काचा आहे.

तातारांनी घोड्याच्या खोगिराखाली मांस ठेवून मऊ केले आणि तेच पुढे हॅम्बर्गला पोचले, ही गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितलेली नाही. ती कोणीही सांगू नये. चौथ्या शतकातल्या एका रोमन इतिहासकाराने हूणांविषयी असे काहीसे लिहिले आहे एवढेच; कच्च्या खिम्याच्या ज्या पदार्थाला आज ‘टार्टार’ म्हणतात त्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच लोक ‘अमेरिकन’ स्टेक म्हणत होते, आणि टार्टर सॉसबरोबर वाढायच्या प्रकारावरून पुढे टार्टार हे नाव रूढ झाले. घोडेस्वारांचा त्यात काही संबंध नाही.

शंकासुर

खोगिराबद्दल आभार. बाकीच्याबद्दल शंका आहे.

आपल्या रुंडश्ट्युकमध्ये मांसाचे काप असतात, खिमा नसतो, आणि वरून रस्सा ओतल्यावर तो हातात धरून खाता येत नाही. हॅम्बर्गरची जी दोन मुख्य लक्षणे, तीच त्यात नाहीत. १७५८ चे सॉसेज धुरावलेले आहे. आणि खिम्याच्या भाजलेल्या टिकियेला खुद्द हॅम्बर्गचे लोक ‘फ्रिकाडेल’ म्हणतात. स्वतःच्या गावचे नाव त्यांनी तिला दिले नाही. ते दिले ते समुद्रापलीकडच्या लोकांनी. नावावरून गाव ठरवायचे झाले तर चायनीज भेळेचे श्रेय बीजिंगला द्यावे लागेल.

दर्यावर्दी

चायनीज भेळेचा मार लागला, हे कबूल करतो. तरीही माझा मुद्दा पूर्ण पडला असे मला वाटत नाही. पदार्थ तयार होण्यासाठी आधी लोकांना खिम्याची टिकिया हा स्वतंत्र जेवणाचा प्रकार वाटावा लागतो, आणि अमेरिकेत तो तसा वाटू लागला तो जर्मन वस्त्यांमुळे. विस्कॉन्सिन हे त्या काळी जर्मन स्थलांतरितांनी भरलेले राज्य होते. चार्ली नॅग्रीनच्या गिऱ्हाइकांना ‘हॅम्बर्ग स्टेक’ म्हणजे काय, हे सांगावे लागले नसणार. पावाचे दोन काप जोडणे ही शेवटची पायरी झाली, आणि ती एकाच वेळी दहा ठिकाणी चढली गेली असेल तर त्यात आश्चर्य नाही. मुंबईत इराण्याकडे खिमा आणि पाव एका टेबलावर आले ते काही विस्कॉन्सिनची चिठ्ठी घेऊन आले नव्हते.

भट्टी

माझा व्यवसाय बेकरीचा आहे. त्यामुळे वरची चर्चा वाचताना सारखे वाटत होते की सगळेजण मांसाविषयी बोलत आहेत आणि पाव म्हणजे जणू कागदाची पुडी.

आधी यंत्राविषयी. मांस हाताने बारीक चिरणे हे कष्टाचे काम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दांडी फिरवून खिमा काढण्याची यंत्रे अमेरिकेत स्वस्त झाली, आणि १८८० च्या आसपास बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यांतून शिकागोचे गोमांस देशभर जाऊ लागले. या दोन गोष्टी झाल्याशिवाय ५ सेंटांत गोमांसाचे सँडविच विकणे कोणालाच परवडले नसते. पाचही दावे १८८५ ते १९०० या पंधरा वर्षांतच का येतात, याचे उत्तर मला यात दिसते. त्याच्या आधी ते शक्य नव्हते आणि त्याच्या नंतर कोणाला श्रेय घेण्यासारखे उरले नाही.

पण यातून तयार झाला तो शंकासुर म्हणतात तसा सँडविचचाच एक प्रकार. गरम, चरबी सुटणारी टिकिया साध्या पावाच्या कापांत ठेवली की तळचा काप दोन मिनिटांत भिजून फाटतो. न्यू हेवनला पाव भाजून घ्यावा लागतो तो म्हणूनच, आणि मांस उभे भाजून चरबी गाळून टाकावी लागते तेही म्हणूनच. यावरचा खरा उपाय म्हणजे टिकियेच्या मापाचा, वरून घट्ट आणि आतून मऊ, रस शोषून घेणारा गोल पाव. तो कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात वॉल्टर अँडरसन या आचाऱ्याने १९१६ साली आपल्या टपरीत वापरात आणला. चपट्या टिकियेवर कांदा दाबून ती कडकडीत तव्यावर भाजण्याची त्याची पद्धत होती. १९२१ साली बिली इन्ग्रम यांच्या भागीदारीत त्याने ‘व्हाइट कॅसल’ सुरू केले.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या घाणीविषयी १९०६ साली देशभर ओरड झाली होती आणि त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा करावा लागला. खिमा म्हणजे खाटकाकडे उरलेसुरलेले, शिळे मांस, हा समज घट्ट होता. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नको म्हणून काही लोक या पदार्थाला ‘लिबर्टी स्टेक’ म्हणू लागले होते. अशा वेळी या दोघांनी दुकान पांढरेशुभ्र ठेवले, भाजणे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर केले, प्रत्येक शाखेत माप एक, चव एक, किंमत ५ सेंट. १९३० च्या सुमारास त्यांनी एका वैद्यकीय विद्यार्थ्याला १३ आठवडे केवळ हॅम्बर्गर आणि पाणी यांवर ठेवून त्याची प्रकृती ठीक राहिल्याचे जाहीर केले. (तेरा आठवड्यांनंतर त्या विद्यार्थ्याला हॅम्बर्गर पाहून काय वाटत असेल, ते बाजूला ठेवू.) १९४८ साली कॅलिफोर्नियात मॅकडॉनल्ड बंधूंनी पदार्थांची यादी कापून, कामाचे तुकडे पाडून १५ सेंटांत जो हॅम्बर्गर दिला, तो याच कल्पनेचा पुढचा टप्पा. आज जगात ज्याला हॅम्बर्गर म्हणतात ती वस्तू विचिटाची आहे. जत्रेतल्या सगळ्यांना मी त्याचे पूर्वज म्हणेन.

ओवी

भट्टी, पावाविषयीचे आपले विवेचन वाचून मी खरोखर काही शिकले. परंतु निष्कर्ष पाहा कुठे गेला. जत्रेतला मुलगा गेला, खानावळवाला कुंभार गेला, आणि श्रेय मिळाले ते ज्यांनी शाखा काढल्या त्यांना. ज्याच्याकडे भांडवल आणि जाहिरात होती त्याचा कागद टिकला; म्हणून तो जनक.

आपल्याच निकषावर मी एक नाव पुढे करते. गोल पाव हेच हॅम्बर्गरचे लक्षण असेल, तर टल्साच्या कथेत तो पाव कोणी भाजला होता? ऑस्कर बिल्बी यांच्या पत्नी फॅनी यांनी. ओक्लाहोमाच्या राज्यपालांच्या १९९५ च्या घोषणेचा सगळा भर यावरच आहे की न्यू हेवन आणि अथेन्स येथे साधा पाव होता आणि टल्साला गोल पाव होता, म्हणून टल्सा खरे. म्हणजे दावा उभा आहे तो फॅनीबाईंच्या पावावर, आणि श्रेय ऑस्कर यांच्या जाळीला! या संपूर्ण धाग्यात, पाच गावांच्या पाच कथांत, एकाही बाईचे नाव आतापर्यंत आले नाही. दप्तरींनी तर टल्साचा दावा सांगताना ‘गोल पाव’ म्हटले आणि तो कोणी केला ते सोडून दिले.

दप्तरी

ही चूक माझीच आहे. फॅनी बिल्बी यांचे नाव मूळ लेखात यायला हवे होते.

परंतु १८९१ हे सालही शेवटी कुटुंबाच्या आठवणीतलेच आहे. ओक्लाहोमा हे राज्य १९०७ साली झाले. १८९१ मध्ये टल्सा क्रीक या मूलनिवासी राष्ट्राच्या प्रदेशातली एक लहानशी वस्ती होती, आणि शेतावरच्या घरगुती मेजवानीची बातमी कोणी छापण्याचा संभव जवळजवळ नव्हता. ओवीताई म्हणतील की म्हणूनच आठवणीला मान द्या. मी म्हणेन की म्हणूनच निर्णय देता येत नाही.

भट्टी यांच्या रेल्वेच्या डब्यांच्या मुद्द्याने मात्र माझा विचार बदलला. मी पाचही दावे एकमेकांचे शत्रू म्हणून मांडले होते. मांस स्वस्त झाले, यंत्र आले, जत्रा आणि कारखाने यांमुळे उभ्याने खाणारे गिऱ्हाईक आले, तर पाच वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांचा पत्ता नसताना तेच केले असेल, आणि पाचही कुटुंबे आपापल्या परीने खरे बोलत असतील. ‘पहिले’ हा शब्द तेवढा प्रत्येकाने नंतर चिकटवला.

शंकासुर

भाषेचा एक मुद्दा राहून गेला आहे. माझ्या आत्या ‘हॅम्बर्गर’ हा शब्द ऐकला की अजूनही विचारतात, “त्यात डुकराचे असते ना?” इंग्रजीत ‘हॅम’ म्हणजे डुकराची मांडी, हे त्यांना शाळेपासून ठाऊक. हॅम्बर्ग शहर माहीत नसेल तर तो शब्द ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ असाच तुटणार. हसण्यासारखे काही नाही, कारण खुद्द अमेरिकेत तो तसाच तुटला. १९३० च्या दशकात ‘चीजबर्गर’ सारखे शब्द रुळले आणि ‘बर्गर’ हे स्वतंत्र नाम होऊन बसले. शहराच्या नावाचा अर्धा तुकडा, ज्याला त्या अर्थाने कधीच अस्तित्व नव्हते, तो आज पदार्थाचे नाव आहे. दर्यावर्दी ज्या नावावर हॅम्बर्गचा दावा मांडतात, त्या नावातून अमेरिकनांनी हॅम्बर्ग कधीच काढून टाकले आहे.

अवांतर: वडापावाच्या जनकाचा वाद इथे कोणी आणू नये, अशी विनंती. दादर स्थानक आणि १९६६ साल यांवर वेगळा धागा निघू शकेल.

भट्टी

वडापाव आणत नाही, पण शंकासुरांच्या मुद्द्याला धरून इथलेच एक उदाहरण देतो, कारण त्याचा व्याख्येशी थेट संबंध आहे. १९९६ साली मॅकडॉनल्ड्स दिल्ली आणि मुंबईत आले ते गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वगळून. जिचा सगळा व्यवसाय गोमांसाच्या टिकियेवर उभा, तिने ती टिकियाच काढून ठेवली आणि तरीही पहिल्या दिवसापासून वस्तूला बर्गरच म्हटले. पुढे सर्वांत जास्त खपला तो बटाट्याच्या टिक्कीचा. खिमा गेला, हॅम्बर्ग स्टेक गेला. राहिले काय, तर गोल पाव आणि हातात धरून खाण्याची सोय. माझा दावा याहून वेगळा काय होता?

न्यूहेवनकर

मग आपल्या व्याख्येप्रमाणे बटाट्याची टिक्की हा हॅम्बर्गर आणि माझ्या गावचे, शंभराहून अधिक वर्षे गोमांसाच्या खिम्याचेच असलेले, ते मात्र सँडविच! भट्टीसाहेब, असे उत्तर मिळत असेल तर व्याख्येतच कुठेतरी चूक आहे. इथे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून पाहा.

भट्टी

टिक्कीला मी बर्गर म्हटले, हॅम्बर्गर नव्हे. त्या दोन शब्दांत फरक पडला, हेच तर शंकासुर सांगत आहेत. आपल्या गावचा तो पदार्थ हॅम्बर्गर आहे, हे मी मान्य करतो. तो बर्गर आहे की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे.

ओवी

दप्तरींना एकच विचारायचे आहे. सुरुवातीला आपण लिहिले होते की पाचांपैकी एकाचाही दावा मान्य करावा इतका पुरावा नाही. आता आपण म्हणता की पाचही कुटुंबे खरे बोलत असतील. या दोन विधानांमध्ये बरेच अंतर आहे, आणि मूळ लेख ज्याने फक्त पहिला परिच्छेद वाचला त्याच्यापर्यंत दुसरे विधान पोचणार नाही. तेव्हा मूळ लेखात दुरुस्ती करावी: लासेन यांचा ‘पहिले’ हा दावा १८९६ च्या बातमीने खोडला जातो; नॅग्रीन, मेन्चेस, डेव्हिस आणि बिल्बी यांचे दावे अनिर्णित आहेत. अमान्य नव्हेत.

दप्तरी

मेन्चेस सोडून बाकी तिघांबद्दल ‘अनिर्णित’ लिहायला माझी हरकत नाही, आणि तशी दुरुस्ती करतो. मेन्चेस यांची दोन साले आणि दोन गावे जोपर्यंत कोणी जुळवून दाखवत नाही, तोपर्यंत त्यांच्यापुढे मी ‘अनिर्णित’ लिहिणार नाही. टल्साच्या ओळीत ऑस्कर यांच्या आधी फॅनी बिल्बी यांचे नाव घालत आहे.